तोक गुरूंच्या बावीस वर्षांचा हिशेब

केलांतान हे द्वीपकल्पीय मलेशियाच्या ईशान्य टोकाचं, थायलंडला लागून असलेलं राज्य. तिथल्या राजकारणाचा विषय निघाला की वाद दोन चित्रांवर येऊन अडतो. एक बाजू पुलाऊ मलाका गावातलं साधं घर दाखवते. निक अब्दुल अझीझ निक मात १९९० ते २०१३ अशी साडेबावीस वर्षं या राज्याचे मेन्तेरी बेसार, म्हणजे मुख्यमंत्री होते. सरकारी निवासस्थान न घेता ते याच घरात राहिले, पगाराचा मोठा हिस्सा परत देत राहिले, शेजारच्या मशिदीत नमाज पढवत राहिले आणि १२ फेब्रुवारी २०१५ रोजी याच घरात वारले. दुसरी बाजू राजधानी कोता बारूच्या नळाला येणारं गढूळ, तपकिरी पाणी दाखवते. एवढी वर्षं सत्ता हाती असून लोकांना स्वच्छ पाणी मिळालं नाही, तरुण पोटासाठी क्वालालंपूर आणि सिंगापूर गाठत राहिले, राज्य देशातल्या सर्वांत गरीब राज्यांतच राहिलं; मग त्या साधेपणाचं करायचं काय, असा तिचा सवाल असतो. तोक गुरू, म्हणजे धर्मगुरुजी, या आदराच्या नावाने ओळखले जाणारे निक अझीझ जाऊन दहा वर्षं उलटली तरी हा वाद तसाच चालू आहे. २०२२ च्या संसदीय निवडणुकीत त्यांचा पास हा इस्लामी पक्ष ४३ जागा घेऊन सर्वांत मोठा पक्ष ठरल्यापासून तर त्याला नव्याने धार आली आहे.

दोन्ही बाजू चुकीची गोष्ट मोजतात, असं माझं स्पष्ट मत आहे. नेत्याच्या घराची साधी भिंत ही त्याच्या कारभाराची साक्ष होऊ शकत नाही. राज्याची गरिबीसुद्धा आपोआप त्याच्या नालायकीची साक्ष होत नाही, विशेषतः तिजोरीच्या किल्ल्या दुसऱ्याकडे असतात तेव्हा. संघराज्यातल्या मुख्यमंत्र्याला एकच प्रश्न न्यायाने विचारता येतो: जे अधिकार खरोखर तुमच्या हातात होते, त्यांचं तुम्ही काय केलंत? हा प्रश्न लावला की निक अझीझ भक्तांना वाटतात तेवढे मोठे राहत नाहीत आणि टीकाकार म्हणतात तेवढे खुजेही ठरत नाहीत. त्यांचं खरं अपयश मग वेगळ्याच ठिकाणी सापडतं. नळ आणि रस्ते यांच्यावर भांडणाऱ्यांचं तिकडे लक्षच जात नाही.

आधी टीकाकारांच्या मुद्द्याकडे येतो. मलेशियाच्या राज्यघटनेत केंद्राचं पारडं फार जड आहे. पोलीस, शिक्षण, आरोग्य, आयकर, सीमाशुल्क, बंदरं, उद्योगांचे परवाने हे सगळं केंद्राकडे. राज्यांकडे उरतं ते जमीन, जंगल, स्थानिक संस्था, इस्लाम धर्माचा कारभार आणि (२००५ मध्ये घटना बदलून हा विषय सामायिक यादीत जाईपर्यंत) पाणीपुरवठा. भारतातलं एखादं राज्य केंद्रावर जेवढं अवलंबून असतं त्याहून कितीतरी जास्त मलेशियातलं राज्य असतं. त्यातून राज्यात विरोधी पक्षाचं सरकार असेल तर केंद्र आपली कामं राज्य सरकारला वगळून थेट स्वतःच्या खात्यांमार्फत करायचं. गावागावांत राज्याने नेमलेल्या समितीला समांतर अशी केंद्राची समिती उभी राहायची. गावकऱ्याला पूल हवा असेल तर त्याने कोणाच्या दारात जायचं, हे तो मत कोणाला देतो यावर ठरायचं.

तेलाची गोष्ट याहून उघड आहे. १९७४ च्या पेट्रोलियम विकास कायद्याने देशातल्या सर्व तेलावर आणि वायूवर पेट्रोनास या राष्ट्रीय कंपनीची मालकी आली, आणि राज्यांना उत्पन्नाच्या पाच टक्के रोख रक्कम देण्याचे करार झाले. केलांतानशी असा करार १९७५ मध्ये झाला. शेजारच्या तेरेंगानू राज्यात १९९९ मध्ये पास सत्तेवर आला आणि २००० मध्ये त्या राज्याची ही रक्कम बंद झाली. त्याऐवजी केंद्र आपल्या मर्जीने आणि आपल्या यंत्रणेमार्फत 'सद्भावनेचा निधी' खर्च करू लागलं. केलांतानने आपला हिस्सा मागितला तेव्हा त्यालाही हाच निधी देऊ करण्यात आला. शेवटी २०१० मध्ये राज्याला पेट्रोनासवर दावा लावावा लागला. त्या वेळी केलांतानच्या हक्काच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले ते तेंकू रझाले हमझा. पेट्रोनासचे पहिले अध्यक्ष तेच, राज्यांशी मूळ करार करणारेही तेच, आणि पक्षाने उम्नोचे, म्हणजे केंद्रात सत्तेवर असलेल्या मलाय पक्षाचे. यापेक्षा वजनदार साक्षीदार कुठून आणायचा?

त्याच्या मागे आणखी एक जुनी जखम आहे. १९७७ च्या नोव्हेंबरात केंद्राने केलांतानमध्ये आणीबाणी लावून राज्याचा कारभार ताब्यात घेतला. पुढच्या मार्चमध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत १९५९ पासून सत्तेत असलेला पास पक्ष ३६ पैकी २ जागांवर आला. केरळात १९५९ मध्ये नंबुद्रिपाद सरकार बरखास्त करून १९६० मध्ये निवडणूक घेतली गेली, त्याची आठवण व्हावी असा हा प्रसंग. निक अझीझ यांच्या पिढीने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. १९९० मध्ये, तेव्हा उम्नोतून फुटलेल्या रझाले यांच्या गटाशी युती करून त्यांनी विधानसभेच्या सगळ्या ३९ जागा जिंकल्या, तेव्हा केंद्र काय करू शकतं याची त्यांना पुरेपूर कल्पना होती. म्हणून 'केलांतान गरीब आहे, म्हणजे निक अझीझ नापास' हा सरळ हिशेब मला अन्यायाचा वाटतो. एखाद्याचे हात बांधायचे आणि मग त्याने नांगर का धरला नाही म्हणून विचारायचं, अशातला हा प्रकार आहे.

पण सगळे हात बांधलेले नव्हते. इथून पुढे भक्तांशी भांडण सुरू होतं.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण नळ हा टीकाकारांचा आवडता पुरावा आहे आणि तो काही प्रमाणात खरा आहे. उत्तर केलांतानच्या भूजलात लोह आणि मँगनीज मुळातच भरपूर आहे. ते काढायला शुद्धीकरण केंद्रं लागतात, जुने गंजलेले नळ बदलावे लागतात, आणि दोन्हींना मोठं भांडवल लागतं. नव्वदच्या दशकात पाणीपुरवठा खाजगी भागीदारीत देण्याचा प्रयोग झाला, तो फसला, आणि राज्याला कंपनी परत ताब्यात घ्यावी लागली. भांडवल नव्हतं हे मान्य. पण पाणी निदान २००५ पर्यंत राज्याचा विषय होता, आणि पंधरा वर्षांत एखादं सरकार टप्प्याटप्प्याने का होईना, एकेका जिल्ह्याचा प्रश्न संपवत जाऊ शकलं असतं. ते झालं नाही. त्याबद्दल केंद्राकडे बोट दाखवून भागत नाही.

जंगलाचं प्रकरण याहून गंभीर आहे, आणि त्याच्यावर फार कमी बोललं जातं. आयकर नाही, तेलाचा हिस्सा नाही, तर राज्याने पैसा आणायचा कुठून? जमीन आणि लाकूड यांतून. दक्षिणेकडच्या गुआ मुसांग जिल्ह्यात डोंगरावरची जंगलं लाकूडतोडीला आणि नंतर रबर, ताडतेल यांच्या मळ्यांना दिली गेली. त्यातली एक योजना तर 'जनतेचे मळे' या नावाने, गरिबांना लाभांश देण्यासाठी आखलेली. हेतू चांगला होता असं धरून चालू. पण ज्या डोंगरांवर हे मळे उभे राहिले तिथे तेमियार हे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आपल्या परंपरागत जमिनीवर मळे येऊ नयेत म्हणून त्यांनी लाकडाच्या वाटा अडवल्या, त्यांना पोलिसांनी पकडून नेलं. जमीन राज्याची, जंगल राज्याचं, परवाना राज्याचा. पोलीस केंद्राचे, पण जमीन देण्याच्या या निर्णयाशी क्वालालंपूरचा काही संबंध नाही. केंद्राने आपल्यावर अन्याय केला अशी दाद मागणारं सरकार स्वतःच्या राज्यातल्या सर्वांत दुबळ्या माणसाशी कसं वागलं, हा प्रश्न निक अझीझ यांच्या चरित्रात मधोमध असायला हवा. तो कडेला का पडला? कारण तेमियारांची मतं थोडी आहेत आणि कोता बारूच्या चौकात शुक्रवारी सकाळी तोक गुरूंचं प्रवचन ऐकायला जमणाऱ्या हजारोंच्या गर्दीत ते नसायचे.

आता त्या विषयाकडे येतो जिथे राज्याचा अधिकार सर्वांत मोठा होता: धर्म आणि त्याच्या नावाने केलेलं लोकजीवनाचं नियमन. दुकानांत पैसे देण्यासाठी स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या रांगा, पुरुषांचे केस स्त्रीने कापायचे नाहीत असे नियम, स्त्रियांनी गडद लिपस्टिक आणि आवाज करणारे उंच टाचांचे जोडे टाळावेत असं नगरपालिकेचं आवाहन, या गोष्टी बातम्यांत खूप आल्या. त्यांच्यावर मी वेळ घालवणार नाही. केलांतानच्या स्त्रिया या नियमांपेक्षा खमक्या आहेत. कोता बारूची मोठी मंडई, जिला प्रेषितांच्या व्यापारी पत्नीचं, सिती खदिजा यांचं नाव दिलेलं आहे, ती आजही जवळजवळ संपूर्णपणे बायकाच चालवतात. खरी हानी झाली ती माक योंग आणि वायांग कुलित या कलांवरच्या बंदीने.

माक योंग हे केलांतान आणि थायलंडमधल्या पटणी भागाचं शेकडो वर्षांचं नाट्य. त्यात गाणं, नृत्य, हजरजबाबी संवाद, रबाब नावाचं तंतुवाद्य, आणि राजाची भूमिका करणारी स्त्री. पुरुषाने स्त्री होऊन रंगभूमी गाजवणं मराठी माणसाला बालगंधर्वांमुळे ठाऊक आहे; तिथे स्त्री राजा होऊन रंगमंचावर येते. वायांग कुलित म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचं छायानाट्य, आणि केलांतानच्या छायानाट्याची मुख्य कथा रामायणाची, तिथल्या मातीत मुरलेली. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांतून जी कथा सांगत आले, तीच कथा बंगालच्या उपसागरापलीकडे मुस्लिम दालांग, म्हणजे सूत्रधार, मुस्लिम प्रेक्षकांना सांगत होते, आणि त्याने कोणाच्या श्रद्धेला तडा गेल्याचं दिसत नाही. १९९० नंतर निक अझीझ सरकारने या कलांवर बंदी घातली. कारणं अशी दिली: इस्लामपूर्व पूजाविधी, नैवेद्य, भूतखेतांचं आवाहन, आणि परपुरुषांसमोर नाचणाऱ्या स्त्रिया. २००५ मध्ये युनेस्कोने माक योंगला मानवजातीचा अमूल्य वारसा म्हणून जाहीर केलं, तेव्हा ते त्याच्या जन्मभूमीत निषिद्ध होतं. बंदी उठली २०१९ मध्ये, तीही अटींसह, आणि तोवर ती कला अंगात भिनलेली एक पिढी म्हातारी होऊन गेली होती.

समर्थकांचं यावरचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. ते म्हणतात, या माणसाने काही लपवून केलं नाही. तो धर्मगुरू होता, धर्माच्या नावाने मत मागितलं, लोकांनी दिलं. बंदी नेहमीच कडकपणे राबवली गेली नाही, खेड्यांत प्रयोग होत राहिले. शिवाय दूर शहरात बसून 'वारसा वारसा' म्हणणाऱ्यांनी त्या कलावंतांसाठी कधी काय केलं? शेवटचा टोला बरोबर बसतो. दूरचित्रवाणीने आणि स्थलांतराने या कलांचं अर्धं काम आधीच तमाम केलं होतं. तरीही युक्तिवाद टिकत नाही. मरणपंथाला लागलेल्या कलेला अनुदान न देणं वेगळं आणि तिच्या दाराला कुलूप लावणं वेगळं. शिकायला दहा-दहा वर्षं लागणारी कला अटकेच्या भीतीत शिकवायची कशी? नाट्य हे गुरूने शिष्यासमोर आणि शिष्याने प्रेक्षकांसमोर करत राहिलं तरच जगतं. महाराष्ट्राला हे सांगायची गरज नसावी. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई राज्यात अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी आली होती; बंदी घालणारी माणसंही स्वच्छ, खादीधारी, स्वतःच्या आयुष्यात काटेकोरच होती. ती बंदी उठली, कारण तमाशाची बाजू घेणारे लोक होते, वर्तमानपत्रं होती, आणि सरकारला माघार घेण्यात धर्मभ्रष्ट झाल्यासारखं वाटत नव्हतं. केलांतानमध्ये बंदी घालणारा शासक हाच पक्षाचा सर्वोच्च धर्माधिकारीही होता. १९९१ पासून मृत्यूपर्यंत ते पासचे आध्यात्मिक प्रमुख होते. सरकारचा निर्णय चुकला असं म्हणता येतं; गुरूचा निर्णय चुकला हे कोण म्हणणार? दोन्ही गाद्या एकाच माणसाकडे असण्याची ही खरी किंमत आहे.

१९९३ च्या शरियत फौजदारी कायद्याबाबतही हेच झालं. हुदूद, म्हणजे शरियतने ठरवून दिलेल्या कडक शिक्षा आणणारा हा कायदा केलांतान विधानसभेने एकमताने संमत केला आणि तो एक दिवसही अमलात आला नाही, कारण शरियत न्यायालयांना किती शिक्षा देता येते याची मर्यादा संसदेचा कायदा ठरवतो: तीन वर्षं कैद, पाच हजार रिंगिट दंड, सहा फटके. ही मर्यादा निक अझीझ यांना ठाऊक नव्हती असं कोण म्हणेल? समर्थक याला वचनपूर्ती म्हणतात. पण त्या कायद्याच्या आत काय होतं ते पाहा. अविवाहित स्त्री गरोदर राहिली तर तेच तिच्या व्यभिचाराचं प्रमाण मानायची तरतूद त्यात होती, आणि साक्षीदार प्रौढ मुसलमान पुरुषच हवेत अशीही. 'सिस्टर्स इन इस्लाम' या मुस्लिम स्त्रियांच्याच संघटनेने, कुराणाचाच आधार घेऊन, यावर आक्षेप घेतला: बलात्कार झालेल्या बाईने चार सज्जन पुरुष साक्षीदार कुठून आणायचे? या प्रश्नाचं उत्तर कोता बारूकडून समाधानकारक आलं नाही. कायदा अमलात येणार नव्हता, म्हणून कोणाला इजा झाली नाही, असं म्हणून सुटका होत नाही. त्याने पुढच्या तीस वर्षांच्या राजकारणाची दिशा ठरवली. केलांतानने २०१९ मध्ये केलेल्या दुसऱ्या शरियत कायद्यातली सोळा कलमं फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी रद्द केली, ती याच वाटेवरची होती.

एवढं म्हटल्यावर निक अझीझ यांचं सर्वांत मोठं काम सांगितलं नाही तर मीही त्या एकांगी टीकाकारांच्याच रांगेत बसेन. मलेशियाचं राजकारण १९५७ पासून वंशावर उभं आहे: मलायांचा पक्ष, चिन्यांचा पक्ष, भारतीयांचा पक्ष. मलाय म्हणून एकत्र या, नाहीतर बुडाल, ही उम्नोची हाक. निक अझीझ यांनी आयुष्यभर या हाकेला इस्लामच्याच भाषेत विरोध केला. वंशाचा अभिमान हा इस्लामला अमान्य आहे, मलाय असण्यात पुण्य नाही, असं ते मलाय मतदारांपुढे, मलाय गावांत सांगत राहिले. हा माणूस तरुणपणी पाच वर्षं देवबंदला शिकला. ते १९५२ ते १९५७ चे दिवस, म्हणजे हुसेन अहमद मदनी तिथे शिकवत होते तो काळ. मदनींनी फाळणीला विरोध करून हिंदू-मुस्लिम मिळून एक राष्ट्र होतं असं मांडलं होतं. या दोन गोष्टींचा थेट संबंध मी सिद्ध करू शकत नाही, पण देवबंद म्हटलं की एकाच साच्याची माणसं डोळ्यांसमोर आणणाऱ्यांनी हा योग लक्षात ठेवावा. केलांतानच्या तुंपाट भागात थाई बौद्धांचे विहार आहेत, चाळीस मीटर लांबीची निद्रिस्त बुद्धमूर्ती आहे. 'इस्लामी राज्य' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या राज्यात बुद्धाच्या भव्य मूर्ती निर्धोक उभ्या राहिल्या. २००८ नंतर पासने चिनी मतदारांच्या डीएपी पक्षाशी आघाडी केली, बिगरमुस्लिमांचा समर्थक मंच काढला, आणि उम्नोशी हातमिळवणी करण्याची पक्षातल्याच नेत्यांची खटपट निक अझीझ यांनी उघडपणे हाणून पाडली. मत जाईल म्हणून घाबरले नाहीत. अर्थात त्यांच्या कल्पनेतल्या राज्यात बिगरमुस्लिमाला आदर होता, संरक्षण होतं. कायद्यापुढे बरोबरीची जागा होती का, हा प्रश्न त्यांनी मोकळाच ठेवला.

आणि प्रामाणिकपणा? 'सचोटीने रस्ते होत नाहीत' असं म्हणणाऱ्यांनी त्याच काळात केंद्रात काय चाललं होतं ते आठवावं. २००९ ते २०१८ पंतप्रधान असलेले नजीब रझाक १एमडीबी या सरकारी निधीशी निगडित प्रकरणात २०२० मध्ये दोषी ठरले आणि २०२२ मध्ये तुरुंगात गेले. केलांतानला तेलाचे पैसे नाकारणाऱ्या तिजोरीतून अब्जावधी डॉलर कुठे गेले, हे जगाने पाहिलं. अशा देशात सत्तेत राहून एक माणूस पैशाला शिवला नाही, याचं मोल कमी समजण्याचं कारण नाही. त्याने काही चांगल्या संस्थाही उभ्या केल्या: १९९२ मध्ये केलांतानने बिनव्याजी तारण-कर्जाची, अर-रहनूची पद्धत सुरू केली. मंडईतली बाई सोन्याची बांगडी ठेवून सावकाराच्या कचाट्यात न सापडता भांडवल उभं करू लागली, आणि पुढे ही पद्धत देशभर पसरली.

पण सचोटी माणसात असणं आणि सचोटी व्यवस्थेत असणं यांच्यात अंतर आहे, आणि निक अझीझ यांचं मला दिसणारं मुख्य अपयश याच अंतरात आहे. २००९ मध्ये राज्याच्या गुंतवणूक महामंडळाच्या प्रमुखपदी त्यांचा जावई असल्यावरून गदारोळ झाला. जावयाला पद सोडावं लागलं. एका व्यावसायिकाने हज यात्रेचा खर्च उचलल्यावरून प्रश्न आले तेव्हा त्यांनी यात्रा रद्द केली. दोन्ही वेळा शेवट नीट झाला. पण तो नीट झाला तो बाहेरून बोंब उठल्यावर. नेमणूक होताना 'हे बरं दिसत नाही' म्हणणारी एकही यंत्रणा राज्यात का नव्हती? विरोधकांच्या ताब्यातल्या सेलांगोर आणि पेनांग या राज्यांनी २०१०-११ मध्ये स्वतःचे माहिती अधिकार कायदे केले. तीही केंद्राने कोंडी केलेलीच राज्यं होती. केलांतानने असा कायदा केला नाही. त्यासाठी तेलाचा पैसा लागत नाही, केंद्राची परवानगीही लागत नाही. केंद्रात तसा कायदा यायच्या आधी महाराष्ट्राने २००२ मध्ये आपला केलाच होता. कोणतं जंगल कोणाला, किती वर्षांसाठी, काय भावाने दिलं हे तेमियार गावाला कागदावर पाहता आलं असतं, तर लाकडाच्या वाटा अडवायची वेळ कदाचित आली नसती. सर्वांत सचोटीच्या मुख्यमंत्र्याने हे सहज करायला हवं होतं. त्यांनी केलं नाही, कारण त्यांना आणि त्यांच्या लोकांना त्याची गरजच वाटली नाही. तोक गुरू आहेत ना! आपल्याकडे त्रिपुरात माणिक सरकार वीस वर्षं असेच साधे, निष्कलंक मुख्यमंत्री होते. तिथेही मुख्यमंत्र्याच्या स्वच्छ सदऱ्याकडे पाहून बाकीच्या कारभाराबद्दल प्रश्न विचारणं लोक विसरले होते.

यावर शेवटचा आक्षेप येतो तो मतपेटीचा. १९९० पासून २०१३ पर्यंत सहा वेळा लोकांनी त्यांना निवडून दिलं. मग बाहेरच्यांनी हिशेब मागायचा कशाला? पण त्या लोकांनीही आंधळेपणाने मत दिलेलं नाही. २००४ मध्ये ४५ पैकी २४ जागा, म्हणजे सरकार जेमतेम वाचलं. २००८ मध्ये पुन्हा भरघोस कौल. लोक तोलून मापून देत होते. आणि २०१३ ची निवडणूक जिंकल्यावर ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी स्वतःहून खुर्ची सोडली, हेही त्यांच्या बाजूला लिहायला हवं. त्यांच्या देशात आणि आपल्याकडे हे फारसं घडत नाही. मात्र निवडणूक बहुसंख्यांचा कौल सांगते. माक योंगच्या म्हाताऱ्या नर्तिकेला किंवा गुआ मुसांगच्या तेमियाराला ती न्याय देईलच असं नाही. त्यांच्यासाठी कायदा लागतो, उघडी कागदपत्रं लागतात, सरकारला नाही म्हणू शकणारं कोणीतरी लागतं.

ते नसल्यामुळे काय झालं ते फार लवकर दिसलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये निक अझीझ गेले. जूनमध्ये पक्षाच्या अधिवेशनात डीएपीशी संबंध तोडण्याचा ठराव झाला आणि त्यांच्या विचारांची म्हणवणारी मंडळी पदांवरून फेकली गेली. सप्टेंबरात त्यांनी अमाना हा वेगळा पक्ष काढला. २०१९ मध्ये पासने उम्नोशीच करार केला. ज्या वंशवादाशी निक अझीझ आयुष्यभर लढले, तो आता त्यांच्याच पक्षाच्या सभांमधून ऐकू येतो. २०१८ मध्ये त्यांचा एक मुलगा विरोधी आघाडीकडून वडिलांच्या चेम्पाका मतदारसंघात पासविरुद्ध उभा राहिला आणि हरला. त्यांचा दुसरा मुलगा पासचाच नेता. दोघेही वडिलांचंच नाव घेत होते, आणि पक्षाच्या नियमांत असं काहीच लिहिलेलं नव्हतं ज्यावरून कोणाचा दावा खरा हे ठरावं. २०२३ मध्ये पासप्रणीत आघाडीने केलांतानच्या ४५ पैकी ४३ जागा जिंकल्या. आता तर केंद्राकडे बोट दाखवून हात झटकायलाही जागा नाही: २०२० ते २०२२ पास केंद्रातल्या सरकारातही होता. तेव्हाही पाणी तपकिरीच होतं आणि जंगलांचे करार बंद फायलींतच होते.